बोटीच्या ट्रेलरची स्टेपनी आणि सोबतची हत्यारं: निवड, बांधणी आणि रस्त्यावरचा वापर

ओढणाऱ्या गाडीच्या डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना असतो, म्हणून ट्रेलरसाठी वेगळं काही घेतलं जात नाही. पण या तिन्हींपैकी एकही वस्तू बहुधा ट्रेलरला चालत नाही. नटांचं वर्तुळ वेगळं असतं, नटाचं माप वेगळं असतं आणि गाडीचा कात्री-जॅक ट्रेलरखाली एकतर शिरत नाही किंवा पुरेसा उचलत नाही. त्यात बोटीचा ट्रेलर दर खेपेला हबपर्यंत पाण्यात बुडतो. म्हणून इथे टायरइतकीच काळजी हबची आणि बेअरिंगची करावी लागते. चाक बदलता आलं पाहिजे आणि चाक ज्यावर फिरतं तो हबही बदलता आला पाहिजे, असं धरूनच सामान जमवा. आणि ते जमवल्यावर प्रवासाआधी घरीच एकदा चाक बदलून पाहा. या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही करा.

ट्रेलरचा टायर का जातो

ट्रेलरच्या टायरची नक्षी झिजण्याआधी टायर म्हातारा होतो. वर्षातले बरेच महिने तो एकाच जागी, बोटीचं वजन घेऊन, उन्हात उभा असतो. बाजूच्या भिंतीला बारीक तडे जातात आणि आतले थर सुटू लागतात. नक्षी मात्र नवी दिसते, त्यामुळे फसायला होतं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही उंच असली तरी बदलावा. हाच नियम स्टेपनीलाही. न वापरलेली स्टेपनीसुद्धा तितकीच म्हातारी होते, आणि ती उघड्यावर टांगलेली असेल तर तिला ऊन इतर चाकांपेक्षा जास्तच लागतं.

दुसरं कारण कमी हवा. ट्रेलरची चाकं लहान असतात. ५३ सेंटिमीटर व्यासाचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला बाजूची भिंत जास्त दुमडते, दुमडण्याने उष्णता होते आणि उष्णतेने थर सुटतात. गाडीत बसलेल्याला यातलं काहीच जाणवत नाही. ट्रेलरच्या टायरमध्ये सहसा बाजूवर छापलेला कमाल दाबच भरतात, तोही टायर थंड असताना. लोड रेंज (टायर किती भार पेलतो ती श्रेणी) ‘सी’च्या बहुतेक टायरांना ५० पीएसआय, ‘डी’ला ६५ आणि ‘ई’ला ८० असा तो असतो. १२ इंची लहान चाकांमध्ये ९० पीएसआयचेही टायर आहेत, त्यामुळे अंदाजाने भरू नका, छापलेलं वाचा. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तेव्हा हवा काढू नका.

तिसरं कारण वजन. ‘एसटी २०५/७५ आर १४’, लोड रेंज ‘सी’ या टायरची क्षमता ५० पीएसआयला सुमारे ७९८ किलो, म्हणजे दोन चाकांची मिळून १५९६. (सुरुवातीचं ‘एसटी’ म्हणजे स्पेशल ट्रेलर.) बोट घेताना ऐकलेलं वजन बहुतेक वेळा कोरड्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, बॅटऱ्या, नांगर आणि दोर मोजलेले असतीलच असं नाही. १०० लिटर पेट्रोल साधारण ७४ किलो भरतं. हे सगळं आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन जमेस धरून वजनकाट्यावर एकदा मोजा. चाकांवर पडणारं वजन टायरांच्या एकूण क्षमतेच्या ८० ते ८५ टक्क्यांत बसलं पाहिजे.

स्टेपनी जुळते की नाही

माप, लोड रेंज आणि रचना या तिन्ही गोष्टी चालत्या चाकांसारख्याच हव्यात. एकाच ॲक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला बायस-प्लाय (तिरप्या थरांचा) टायर लावू नये. कारचा जुना टायर रिमवर बसतो म्हणून स्टेपनी करू नका. त्याची बाजूची भिंत ट्रेलरच्या वजनासाठी आणि वळताना येणाऱ्या आडव्या घासणीसाठी केलेली नसते.

रिमचं सर्वात महत्त्वाचं माप म्हणजे नटांच्या छिद्रांचं वर्तुळ. शेजारच्या दोन स्टडांच्या (हबवरच्या, नट चढतो त्या बोल्टांच्या) मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चार स्टड असतील तर त्याला १.४१४ ने गुणा, पाच असतील तर १.७०१ ने, सहा असतील तर २ ने. पाच स्टडांमध्ये अंतर ६७.२ मिलिमीटर आलं तर वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचं, म्हणजे साडेचार इंची. इथे दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही. ‘जवळपास बसते’ अशी रिम नटांनी ओढून बसवली तर स्टड वाकतात आणि नट वाटेत ढिले होतात.

हे जमलं तरी मधलं छिद्र अडवू शकतं. बोटीच्या ट्रेलरवर हबच्या तोंडाला बहुधा स्प्रिंगवाला बेअरिंग प्रोटेक्टर (आतलं ग्रीस दाबून धरणारी टोपी) असतो आणि तो साध्या ग्रीस कॅपपेक्षा लांब आणि जाड असतो. वेगळ्या बनावटीच्या रिमचं मधलं छिद्र त्यावरून जात नाही, किंवा जातं आणि कडेला घासतं. दुकानातल्या टेबलावर हे कधीच कळत नाही. स्टेपनी प्रत्यक्ष हबवर चढवूनच पाहावी लागते. चढवल्यावर हाताने पूर्ण फेरा द्या. टायर मडगार्डला, ब्रेकच्या पाइपला किंवा चॅसीला लागता कामा नये.

चालती चाकं ॲल्युमिनियमची आणि स्टेपनी लोखंडी असेल तर नट तपासा. बहुतेक ट्रेलरच्या नटांचं तोंड ६० अंशांच्या शंकूचं असतं, पण काही ॲल्युमिनियम चाकांचे नट वेगळे असतात. ते लोखंडी रिममध्ये पूर्ण बसत नाहीत. अशा वेळी स्टेपनीचे वेगळे नट पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तसं लिहा. नट स्टडवर किमान स्टडच्या जाडीइतका चढला पाहिजे. १२ मिलिमीटर जाडीच्या, १.५ मिलिमीटर आट्याच्या स्टडवर याचे ८ पूर्ण फेरे होतात. त्याहून कमी फेऱ्यांत नट घट्ट होत असेल तर ती जोडी वापरू नका.

रिम गॅल्व्हनाइझ केलेली घ्या, विशेषतः खाऱ्या पाण्यात जात असाल तर. रंगवलेली लोखंडी रिम टायर बसतो त्या कडेला आधी गंजते आणि तिथूनच हळूहळू हवा जाते.

स्टेपनी कुठे बांधावी

सर्वात सोयीची जागा ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, ब्रॅकेटला उभी. मात्र रिमसकट १४ इंची स्टेपनी १७ ते २० किलोची असते आणि पुढे बांधली की ते वजन जवळजवळ सगळं हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, येतं. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार असावा आणि तो गाडीच्या हिचवर लिहिलेल्या मर्यादेत बसावा. आधीच काठावर असाल तर स्टेपनी मागे, विंचच्या (बोट ओढून घ्यायच्या चरखीच्या) खांबाजवळ न्या. जागा पक्की करण्याआधी गाडी आणि ट्रेलर पूर्ण वळवून पाहा, दोन्ही बाजूंना. तीव्र वळणात गाडीचा मागचा कोपरा स्टेपनीला लागतो का, जॉकी व्हील (पुढच्या दांड्याचं छोटं टेकूचाक) वर दुमडताना अडतं का, विंचचं हँडल फिरवताना बोटं घासतात का, हे तिन्ही तेव्हाच दिसतं. मागचा दरवाजा वर उघडणारा असेल तर तोही उघडून बघा.

ब्रॅकेटचे यू-बोल्ट चॅसीच्या मापाचे आणि गॅल्व्हनाइझ केलेले हवेत. साधे नट धक्क्यांनी सुटतात, म्हणून नायलॉनचे लॉकनट लावा. व्हॉल्व्हचं तोंड बाहेर ठेवा. स्टेपनी न काढता हवा तपासता आली नाही तर ती कधीच तपासली जात नाही. कुलूप लावत असाल तर पितळी घ्या, त्यावर रबरी टोपी ठेवा आणि महिन्यातून एकदा किल्ली फिरवा. गंजून बसलेल्या कुलपामुळे चांगली स्टेपनी निरुपयोगी होते. टायरवर जाड कापडाचं आवरण घाला, पण तळाला पाणी जायला छिद्र हवं.

सर्वात शहाणपणाची बांधणी म्हणजे जादा हबवर स्टेपनी. ब्रॅकेटवर साध्या स्टडांऐवजी छोटा स्पिंडल (ॲक्सलच्या टोकाला हब ज्यावर बसतो तसा दांडा) असतो, त्यावर ग्रीस भरलेला पूर्ण हब बसतो आणि हबला चाक. चाक गेलं तर चाक काढा, बेअरिंग गेलं तर हब काढा. हब आणि त्याचे स्टड वाऱ्यापावसात असल्याने कॅप घट्ट हवी आणि हंगामाच्या सुरुवातीला ग्रीस बदलायला हवं.

बोटीत स्टेपनी ठेवायची असेल तर ती तळाला, मधोमध, पट्ट्याने बांधून ठेवा. फक्त एक लक्षात घ्या. जॅकवर उचललेल्या ट्रेलरवरच्या बोटीत चढायचं नसतं, म्हणून जॅक लावण्याआधीच स्टेपनी खाली उतरवावी लागते. गाडीच्या डिकीत स्टेपनी स्वच्छ राहते, पण गाडी बदलून ट्रेलर ओढला त्या दिवशी ती घरी राहते.

जॅक

इथे सर्वात जास्त चुका होतात, कारण माप टायर फुगलेला असताना घेतलं जातं. टायर पूर्ण बसला की ॲक्सल सात-आठ सेंटिमीटर खाली येतो. समजा जॅक लावायची जागा एरवी जमिनीपासून २३ सेंटिमीटरवर आहे, तर टायर बसल्यावर ती १५ वर येईल. दोन टनी बॉटल जॅक बंद अवस्थेत बहुधा १५ ते १८ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे शिरणारच नाही. उलट बाजूने, फुगलेली स्टेपनी चढवायला बसलेल्या टायरपेक्षा जास्त उंची लागते. म्हणून जॅक खाली पुरेसा बुटका आणि वर पुरेसा उंच, दोन्ही हवा.

मोजायची पद्धत सोपी आहे. ट्रेलर गाडीला जोडलेला, सपाट जागी. टायरची पूर्ण हवा काढा. जॅकच्या जागेची उंची मोजा. हा तुमच्या जॅकचा बंद उंचीचा आकडा. मग कमानपाट्याखाली उचलणार असाल तर तिथून आणखी १२ ते १५ सेंटिमीटर, आणि चॅसीखाली उचलणार असाल तर त्याहून बरंच जास्त धरा, कारण चॅसी वर जाताना पाटे आधी सैल होतात आणि चाक जमिनीवरच राहतं.

जॅक कुठे लावायचा हे ॲक्सलवर ठरतं. कमानपाट्यांचा ॲक्सल असेल तर पाटा आणि ॲक्सल जिथे यू-बोल्टने बांधलेत त्या पट्टीखाली. ॲक्सलच्या मधल्या नळीखाली कधीही नाही. नळी वाकली की चाकांची सरळ रेषा जाते आणि त्यानंतर टायर एका कडेने झिजतात. रबर टॉर्शन ॲक्सल (पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर धक्के घेणारा) असेल तर नळीला अजिबात हात न लावता, ॲक्सलच्या ब्रॅकेटजवळ चॅसीखाली जॅक लावा.

बॉटल जॅक शिरत नसेल तर बसलेलं चाकच आधी चार सेंटिमीटर जाडीच्या फळीवर चढवा. गाडी हळूच पुढे घेतली की चाक फळीवर येतं आणि तेवढी जागा मिळते. त्यामुळे अशी फळी, टायरपेक्षा रुंद आणि हातभर लांब, सामानात असायलाच हवी. दुसरी, ३० सेंटिमीटर चौरस जाड प्लायची फळी जॅकच्या बुडाखाली. रस्त्याकडेच्या मातीत जॅकचा लहान तळ वजन येताच रुततो. तिसरा एक छोटा लाकडी ठोकळा, वर खाच पाडलेला, जॅकच्या डोक्यावर ठेवायला. गॅल्व्हनाइझ केलेल्या गुळगुळीत लोखंडावर लोखंडी डोकं सरकतं.

बॉटल जॅक आडवा पडून राहिला की काही जॅकमधून तेल झिरपतं. तो उभा बांधून ठेवा आणि हंगामात दोनदा वजन घेऊन पूर्ण वर-खाली करा. कोरडा जॅक रिकामा छान चढतो, वजन आल्यावर मात्र खाली येतो.

पाने आणि टॉर्क

अर्ध्या इंची स्टडांच्या नटांना बहुधा १९ किंवा २१ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, पण फुगलेल्या आवरणाचे नट मधल्याच मापाचे निघतात. आपल्या नटावर लावून पाहिलेला, सहा कोनांचा सॉकेट घ्या. बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. सोबत ६० सेंटिमीटर लांब दांडा हवा. क्रॉस पाना चालतो, पण खाऱ्या पाण्याने धरलेल्या नटाला त्याचे हात आखूड पडतात. आणखी एक छोटी नळी: मडगार्ड चाकावर खोल उतरलेलं असेल तर दांडा फिरायला जागा राहत नाही, तिथे सॉकेटला १० ते १५ सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन लावावं लागतं.

टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा) महाग वाटतो, पण चाक निखळण्याचं मुख्य कारण चुकीचं आवळणं हेच आहे. निर्मात्याचा आकडा सर्वात वर. तो हाताशी नसेल तर अर्ध्या इंची स्टडांना १२० ते १६० न्यूटन-मीटर ही नेहमीची श्रेणी आहे. १२-१३ इंची लहान लोखंडी चाकांना बऱ्याचदा ७० ते १०० पुरतो. टॉर्क पान्याने नट सोडवू नका, तो बिघडतो. पाना नसेल तर निदान हिशेब माहीत असावा: ४० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला ३० किलोचा जोर दिला की सुमारे ११८ न्यूटन-मीटर होतात. दांड्यावर उभं राहून उड्या मारल्या तर याच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि स्टड ताणला जातो.

स्टडांना ग्रीस लावावं का, यावर मतं वेगळी आहेत. इथली शिफारस अशी: नट बसतो त्या शंकूला आणि आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो, आणि छापलेले आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. गंजाचा उपाय म्हणून दर काही महिन्यांनी नट एकेक करून सोडा, तारेच्या ब्रशने घासा आणि परत टॉर्कने आवळा.

घरची तालीम

पुढे दिलेली सगळी कृती एकदा घरी करा, फक्त ट्रेलरसोबत जाणारं सामान वापरून. कोठीतला मोठा जॅक आणि हवेचा इम्पॅक्ट पाना त्या दिवशी बाजूला ठेवा. बोट ट्रेलरवर असू द्या, टाकीत इंधन असू द्या. दोन्ही बाजूंची चाकं काढून लावा, कारण एका बाजूला ब्रेकचा पाइप किंवा दिव्याची पट्टी आड येऊ शकते. जे सामान लागलं आणि नव्हतं ते लिहून ठेवा. दुसऱ्या खेपेला वेळ मोजा. वीस-पंचवीस मिनिटांत चाक बदललं तर तयारी बरी आहे.

रस्त्यावर चाक बदलताना

ट्रेलर ओढ घेऊ लागला, मडगार्डमधून धूर किंवा रबराचा वास आला, आरशात बोट एका बाजूला कललेली दिसली, तर जोरात ब्रेक दाबू नका. वेग हळूहळू कमी करा आणि सपाट, कडक, वाहतुकीपासून लांब जागा गाठा. त्यासाठी फुटलेल्या टायरवर दोनशे-तीनशे मीटर जावं लागलं आणि रिम गेली तरी चालेल. रिम नवी मिळते. वाहतुकीला लागून असलेल्या अरुंद कडेवर चाक बदलू नका. तिथून हलताच येत नसेल तर सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभं करा आणि मदत बोलवा.

धोक्याचे दिवे चालू, परावर्तक जॅकेट अंगात, त्रिकोण मागे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते, त्यामुळे त्रिकोण ट्रेलरच्या शेजारी ठेवून उपयोग नाही. वेगवान रस्त्यावर तो १०० मीटर मागे आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे असावा. तुमच्या भागातला नियम वेगळं अंतर सांगत असेल तर ते पाळा.

मग या क्रमाने:

१. ट्रेलर गाडीलाच जोडलेला राहू द्या. गाडी गिअरमध्ये किंवा पार्किंगमध्ये, हँडब्रेक लावलेला. ट्रेलरच्या चांगल्या बाजूच्या चाकाला पुढून आणि मागून पाचर.

२. बोटीतून सगळे उतरलेले. विंचचा पट्टा आणि मागचे पट्टे तसेच बांधलेले.

३. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. हवेत चाक फिरतं, नट सुटत नाही.

४. प्लायवर जॅक, जॅकवर खाचेचा ठोकळा. उचला. टायर जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर येऊ द्या. हात-पाय चॅसीखाली नेऊ नका. काढलेलं चाक चॅसीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे जॅक सटकला तरी ट्रेलर त्यावर टेकेल.

५. चाक काढल्यावर हबला हात लावण्याआधी तो किती तापलाय ते जवळ हात नेऊन पाहा. मग हब वर-खाली धरून हलवा आणि फिरवा. खडखड किंवा करकर असेल तर टायर हे एकच दुखणं नाही.

६. हबचं तोंड आणि रिमची आतली बाजू ब्रशने घासा. मध्ये अडकलेला गंजाचा पापुद्रा किंवा वाळू नंतर दबते आणि नट ढिले पडतात.

७. स्टेपनी चढवा, नट हाताने पूर्ण फिरवा, मग पान्याने हलके आवळा. क्रम ताऱ्याचा: पाच नट असतील तर १, ३, ५, २, ४. चार किंवा सहा असतील तर समोरासमोर.

८. खाली उतरवा आणि तीन टप्प्यांत आवळा: साधारण ३० न्यूटन-मीटर, मग ७५, मग पूर्ण टॉर्क.

९. स्टेपनीची हवा मोजा. कमी असेल तर इथेच भरा.

१०. १५, ४० आणि ८० किलोमीटरवर थांबून टॉर्क पुन्हा तपासा. नवीन बसवलेली रिम हबवर बसत जाते तसे नट पहिल्या काही किलोमीटरांत थोडे सैल होतात. हे थांबे चुकवू नका.

हवा भरायचा पंप घेताना त्यावर लिहिलेल्या कमाल दाबावर विसंबू नका, आपल्या टायरचा दाब तो प्रत्यक्ष गाठतो का ते पाहा. सिगारेट लायटरच्या जोडावर चालणारे लहान पंप ५० पीएसआयपुढे दमतात आणि फ्यूजही उडवतात. थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप बरा. त्याची नळी आणि वायर ट्रेलरच्या चाकांपर्यंत पोहोचते का, तेही बघा. पंक्चर काढायच्या दोऱ्या ठेवा. खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल तर उपयोगी पडतात. बाजूच्या भिंतीतल्या छिद्रावर कुठलीच दोरी किंवा द्राव चालत नाही.

दोन ॲक्सलचा ट्रेलर

इथे जॅकऐवजी उतरता ठोकळा वापरता येतो. चांगलं चाक १२ ते १५ सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर चढवलं की शेजारचं बसलेलं चाक अधांतरी होतं. टॉर्शन ॲक्सलवर हे छान जमतं. कमानपाट्यांमध्ये दोन्ही चाकांना जोडणारा इक्वलायझर (पाट्यांमधला झुलता दुवा) असेल तर तो एक चाक वर गेलं की दुसरं खाली ढकलतो, त्यामुळे उंची जास्त लागते आणि कधी कधी जॅकही लावावा लागतो. घरी पाहून ठरवा.

दोन ॲक्सल असल्याने एक चाक काढून तसंच जायचा मोह होतो. त्या बाजूच्या उरलेल्या एका टायरवर दुप्पट भार येतो. पट्ट्याने किंवा साखळीने मोकळा ॲक्सल वर बांधून, अगदी हळू, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जाणं हा शेवटचा पर्याय आहे. प्रवास पुढे चालू ठेवायचा तो मार्ग नव्हे.

हब आणि बेअरिंग

लांब चालून तापलेला हब थेट थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी मागच्या ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. ग्रीस दुधाळ होतं, रोलर गंजतात आणि बेअरिंग नंतर कधीतरी, घरी परतताना, जातं. पाण्यात उतरवण्याआधी २० ते ३० मिनिटं थांबणं हा यावरचा सर्वात स्वस्त उपाय. तेवढ्या वेळात पट्टे सोडणं, बुडाचा प्लग लावणं ही कामं होतातच.

निघाल्यावर पहिला थांबा १५-२० किलोमीटरवर घ्या आणि प्रत्येक हबला हात लावा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. कोमट चालतं. हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. एकट्या आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: एक हब बाकीच्यांपेक्षा १५-२० अंश जास्त असेल तर काहीतरी बिघडलंय. ब्रेक असलेले हब उतारानंतर तापतात, पण दोन्ही बाजूंचे सारखे. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर सील गेलं असं समजा. बेअरिंग प्रोटेक्टरमध्ये गनने जास्त ग्रीस दाबल्यानेही सील फुटतं. आतली चकती किंचित बाहेर सरकली की थांबायचं.

रस्त्यावर सुटी बेअरिंग ठोकत बसण्यापेक्षा तयार हब न्या: बेअरिंगचे कप ठोकलेले, ग्रीस भरलेलं, सील बसवलेलं, स्टड लावलेले, झाकणाच्या डब्यात बंद. सोबत कॅसल नट (खाचा असलेला), वायसर, तीन-चार कॉटर पिन (त्या खाचेतून घालून नट अडवणाऱ्या), कॅप आणि समुद्री पाण्याला टिकणाऱ्या ग्रीसचं काडतूस. आपल्या स्पिंडलवरचे बेअरिंग नंबर लिहून ठेवा. १५८८ किलो, म्हणजे ३५०० पौंडी ॲक्सलवर आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ ही जोडी फार वापरली जाते, पण आपल्या बेअरिंगवर कोरलेला नंबरच खरा.

बदलताना चाक काढा, कॅप हातोडीने कडेकडेने ठोकून काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट आणि वायसर काढा, हब ओढून घ्या. स्पिंडल पुसा. खरचटलेल्या खुणा बारीक एमरी पेपरने घासा, विशेषतः सील बसतो ती कडा. नवा हब सरळ ढकला, तिरका गेला तर सीलची ओठ दुमडते. वायसर आणि नट लावा. हब फिरवत फिरवत नट पान्याने आवळा, म्हणजे बेअरिंग बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी घट्ट करा. छिद्र जुळेल तिथे नवी कॉटर पिन घाला, जुळत नसेल तर नट सैल करण्याच्या दिशेने जुळवा. हब मोकळा फिरला पाहिजे आणि खळखळ जवळजवळ नसावी. पान्याने घट्ट ठेवलेलं बेअरिंग काही किलोमीटरांतच जळतं.

बेअरिंग पूर्ण जळालं असेल तर आतली रिंग स्पिंडलला चिकटून बसते. छिन्नीने निघाली तर ठीक. स्पिंडल निळसर पडून खोल खरचटला असेल तर त्यावर नवा हब लावू नका, ट्रेलर दुसऱ्या गाडीवरून न्यावा लागेल. तापलेल्या हबवर थंड पाणी ओतू नका. जवळ बोटीतलं पेट्रोल असतं, म्हणून अग्निशामक हाताशी ठेवा, बोटीत खोल पुरलेला नको. डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपर काढायचा पाना लागतो आणि कॅलिपर पाइपवर लोंबकळू न देता तारेने बांधावा लागतो. काही ट्रेलरवर कायमचे सीलबंद बेअरिंग आणि एकदाच वापरायचा मोठा नट असतो. त्याला लागणारा टॉर्क रस्त्यावर देता येत नाही, तिथे हबऐवजी मदतीचा फोन नंबर बाळगा.

दिवे, पट्टे आणि पिशवी

दिव्यांच्या बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या निघतात. एक इंडिकेटर लावला की सगळे दिवे मंद लुकलुकतात, ही त्याची खूण. अर्थची वायर चॅसीला जिथे बांधली आहे तिथला गंज घासून स्क्रू पुन्हा आवळा. टेस्ट लॅम्प, दोन मीटर वायर, क्रिम्प जोड, इन्सुलेशन टेप, जादा फ्यूज आणि बल्ब एका डबीत मावतात. एक जादा रॅचेट पट्टा, विंचचा जादा पट्टा, सेफ्टी चेनची शॅकल आणि कपलरची पिन, एवढं त्यासोबत.

सगळं सामान झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत ठेवा आणि ती पेटी ट्रेलरसोबत जाऊ द्या. दोन जोड जाड हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, गुडघ्याखाली घ्यायची चटई, चिंध्या, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, मोठा पकड, हातोडी, सपाट स्क्रू ड्रायव्हर, १०० पीएसआयपर्यंत दाखवणारा हवेचा गेज. गेज आणि बॅटरी कोरड्या थैलीत. झाकणाच्या आतून चिकटवलेल्या कागदावर टायरचं माप, दाब, नटाचा सॉकेट, टॉर्क, बेअरिंगचे आणि सीलचे नंबर लिहा आणि त्यावर पारदर्शक टेप लावा. पेटी रिकामी करून, हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून परत भरण्याचं काम हंगामाच्या शेवटी करा. खाऱ्या पाण्याच्या हवेत सॉकेटही सहा महिन्यांत दांड्यावर गंजून बसतो.